पाचला वाटलेलं, आठला खाल्लेलं

मा. अपर पोलीस महासंचालक व महानिरीक्षक,
कारागृह व सुधारसेवा, महाराष्ट्र राज्य, पुणे यांस

वेळणेश्वर, ता. गुहागर, जि. रत्नागिरी

महोदय,



आपल्या अखत्यारीतल्या बहुतेक कारागृहांत संध्याकाळचं जेवण पाचच्या सुमाराला वाटून होतं आणि सहाच्या आसपास बंदी होते. एकदा बराकीला कुलूप लागलं की सकाळी ते निघेपर्यंत आत काही जात नाही. माणसाला रात्रीची भूक मात्र आठ-साडेआठला लागते. त्या वेळी त्याच्यासमोर असतं ते तीन तासांपूर्वी थाळीत पडलेलं आणि त्याच्याही आधी तास-दोन तास शिजून बसलेलं अन्न. ते थंड असतं, यात नवल काही नाही. इतकी वर्षं ते तसंच चालू आहे आणि जेवणाच्या तक्रारींत या गोष्टीला कुणी तक्रारही म्हणत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

मी वेळणेश्वरला खानावळ चालवते. माझी जाऊ आणि मी. देवळाला आणि समुद्राला येणाऱ्या पाहुण्यांची जेवणं घरी होतात, पण आमचा निम्म्याहून जास्त धंदा बाहेर जाणाऱ्या जेवणाचा आहे. मुंज, साखरपुडा, वरच्या वाडीतलं पूजेचं जेवण, बांधकामावरच्या कामगारांचे डबे, महाशिवरात्रीच्या जत्रेत मुक्कामाला असलेल्या मंडळींची पंगत. स्वयंपाक आमच्या चुलीवर आणि खाणारा दोन-चार कोस लांब. भात-आमटी गरम पोचवणं हे आमचं रोजचं काम आहे. ते जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी कुणी फोन करत नाही. तेव्हा अन्न कुठे थंड होतं आणि का होतं, एवढ्यापुरतं बोलायचा अधिकार मला आहे असं मी मानते. कारागृह कसं चालवावं हे आपण जाणता.

तुरुंगातल्या जेवणाबद्दल मी विचार करू लागले ते आमच्या पंचक्रोशीतल्या एका मुलामुळे. त्याचं नाव आणि त्याला कुठल्या कारागृहात ठेवलं होतं हे मी लिहिणार नाही, कारण प्रश्न कुठल्या एका कारागृहाचा नाही. वर्षाहून अधिक काळ तो कच्चा कैदी म्हणून आत होता, नंतर निर्दोष सुटला. सुटून आल्यावर काही महिने तो आमच्याकडे कामाला होता. पहिल्या दिवशी पडवीत जेवायला बसला तेव्हा त्याने आमटीची वाटी दोन्ही हातांनी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. जाऊ म्हणाली, अरे, निवेल ती. तो म्हणाला, वहिनी, वाफ येत्ये.

मग हळूहळू त्याने सांगितलं. भिसीतून, म्हणजे तुरुंगाच्या स्वयंपाकघरातून, मोठाली पातेली हातगाडीवरून निघत. एकेका बराकीसमोर गाडी थांबे, रांग लागे, डाव थाळीत रिकामा होई. त्यांची बराक वाटपाच्या ओळीत जवळजवळ शेवटची होती. गाडी पोचेपर्यंत पातेल्याचं झाकण कितीतरी वेळा निघालेलं असे, कधी ते झाकण मागेच राहिलेलं असे. थाळी अ‍ॅल्युमिनियमची, पातळ. डाळ थाळीत पडली की थोड्याच वेळात वर साय धरल्यासारखा थर येई आणि डाळ खाली, पाणी वर असं होई. चपात्या तो अंथरायच्या कांबळ्याच्या घडीत ठेवायचा. त्या गरम राहत नसत, निदान वातड होत नसत. भाताचा रात्रीपर्यंत गोळा होई.

आणि मग हंडी. हा शब्द त्याने अगदी सहज वापरला. बंदी झाल्यावर, पहारा पुढे गेला की, वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळ्या करायच्या, कापडाच्या चिंध्या घ्यायच्या आणि त्यावर थाळी धरून डाळ गरम करायची. कधी प्लास्टिकची बाटलीही जाळायची. धूर बराकीत कोंडतो, डोळे चुरचुरतात, दमेकरी खोकत बसतात. सापडलं तर शिक्षा. तरी करायचे. दिवसातून एकदा तरी कढत घास पोटात जावा म्हणून माणसं शिक्षा पत्करत आणि प्लास्टिकचा धूर छातीत घेत. बंद कुलपामागे, दाटीवाटीने झोपलेल्या माणसांत आग पेटवणं किती धोक्याचं आहे, हे मी आपल्याला सांगायला नको. ही आग थांबवायची तर झडती वाढवून भागणार नाही. जेवण गरम पोचवावं लागेल.

आता थोडं अन्नाबद्दल. थंड जेवण बेचव लागतं, एवढंच असतं तर मी आपला वेळ घेतला नसता. पण पाच तास ठेवलेलं अन्न हा तब्येतीचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा दंडक आहे: शिजलेलं अन्न वाढेपर्यंत 60 अंश सेल्सिअसच्या वर ठेवावं आणि बाहेरच्या हवेत दोन तासांहून जास्त ठेवू नये. 5 ते 60 अंश हा पट्टा जंतूंच्या वाढीचा. तुरुंगातलं संध्याकाळचं जेवण नेमकं याच पट्ट्यात आणि नेमकं जास्तीत जास्त वेळ राहतं. आधी मोठ्या पातेल्यात कोमट, मग थाळीत थंड.

भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू भात उकळला तरी मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं हे विष पुन्हा उकळी आणली तरी नष्ट होत नाही. म्हणजे हंडी लावून गरम केलेला भातही सुरक्षित होत नाही, फक्त गरम होतो. घट्ट डाळीत, उसळीत, मटणाच्या रश्शात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा दुसरा वाढतो. मोठ्या पातेल्याच्या तळाशी जिथे हवा पोचत नाही तिथे त्याला बरं मानवतं. 43 ते 47 अंशांच्या दरम्यान तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. सामुदायिक स्वयंपाकघरांतून होणाऱ्या विषबाधांत याचं नाव नेहमी असतं. आमच्या कोकणात एप्रिल-मे महिन्यांत सकाळचं पिठलं दुपारी आंबतं हे प्रत्येक घरात ठाऊक असतं. बराकीत तर नुसता पंखा असतो आणि माणसं क्षमतेहून जास्त असतात.

या गर्दीचाही हिशेब बघू या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातली कारागृहं क्षमतेच्या 131 टक्के भरलेली होती. आर्थर रोडची अधिकृत क्षमता 804 अशी कितीतरी वर्षं छापून येत राहिली आणि आत तीन हजारांच्या वर माणसं होती. येरवड्यात सहा हजारांच्या वर. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत लिहिलं आहे की एका स्वयंपाकघरावर शक्यतो 500 हून अधिक कैद्यांच्या जेवणाचा भार नसावा आणि स्वयंपाकघर मध्यवर्ती असावं, म्हणजे वाटप लवकर आटोपतं. ज्याने कुणी हे कलम लिहिलं त्याला मोठ्या स्वयंपाकाची नाडी कळत होती. पाचशेंचा भात एका दमात उतरतो आणि एका दमात वाटून होतो. तीन हजारांचा भात पहिल्या पातेल्यापासून शेवटच्या पातेल्यापर्यंत अर्धा दिवस घेतो. मग पहिलं पातेलं शेवटच्यासाठी थांबून राहतं. मोठ्या लग्नात आम्ही सगळा भात एकदम लावत नाही, पंगतीमागे पंगत तसा भात लावतो, त्याचं कारण हेच. पातेली तीच, माणसं तीच, पण उतरवायची वेळ पुढेमागे केली की कुणालाच शिळ्यासारखं जेवण मिळत नाही.

त्याच नियमावलीत दिवसाला तीन वेळच्या जेवणाचं वर्णन आहे आणि तिसरं जेवण कोणतं, तर रात्री कोठडीबंद होण्याआधीचं संध्याकाळचं जेवण. सगळ्याचं मूळ या एका ओळीत आहे असं मला वाटतं. जेवणाची वेळ भुकेवरून ठरलेली नाही, कुलपावरून ठरली आहे. कंदिलाच्या काळात अंधार पडण्याआधी गिनती करून दारं लावणं भाग होतं, ते समजू शकतं. आज प्रत्येक बराकीत रात्रभर दिवा जळतो. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या मंडेला नियमांतला बाविसावा नियम सांगतो की कैद्याला पौष्टिक, चांगलं शिजवलेलं आणि नीट वाढलेलं अन्न नेहमीच्या वेळी मिळावं. महाराष्ट्रात कुठल्या घरात रात्रीच्या जेवणाची नेहमीची वेळ पाच आहे?

ज्यांना पाचला जेवून घ्यायचं ते घेतात. पण मग सकाळच्या चहा-नाश्त्यापर्यंत तेरा-चौदा तास पोट रिकामं. मधुमेही माणसाला हे झेपत नाही, त्याची साखर पहाटे उतरते. गरोदर बाईला झेपत नाही. रात्रीचं औषध जेवणानंतर घ्या असं डॉक्टरने सांगितलेला म्हातारा ते औषध पाचला घेणार की आठला? थंड जेवायचं की उपाशी झोपायचं, एवढीच निवड आज त्यांच्यापुढे आहे.

लहान मुलांचं तर आणखी वेगळं. 2006 च्या आर. डी. उपाध्याय खटल्याच्या निकालानुसार आईसोबत सहा वर्षांपर्यंतचं मूल कारागृहात राहू शकतं आणि त्याच्या वयाला लागेल तसं अन्न देणं हे सरकारचं काम आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात बालकांसाठीच्या आहाराची जी व्याख्या आहे, तिच्यात गरम शिजवलेलं किंवा वाढण्याआधी गरम केलेलं अन्न असे शब्द आहेत. गरमपणा हा शब्द आपल्या देशाच्या कायद्यात आहे, महोदय. आमच्या वाडीतल्या अंगणवाडीत चार वर्षांचं पोर बसतं, त्याच्या खिचडीतून वाफ निघाली पाहिजे असं संसदेने ठरवून दिलं आहे. त्याच वयाचं पोर आईच्या कडेवर बसून भिंतीच्या आत गेलं की त्याच्या भातातून वाफ निघण्याची गरज कशी संपते?

लोक मला म्हणतात, कैद्यांना काय गरम जेवण घालायचं, ते काय पाहुणे आहेत? खानावळीत पाहुण्यांपुढे हा विषय निघाला की असं बोलणारे भेटतातच. त्यांना मी सांगते की 2022 साली देशातल्या दर शंभर कैद्यांत सुमारे शहात्तर कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. आमच्याकडे काम करणारा मुलगा त्यांतलाच होता. आणि ज्याचा गुन्हा शाबीत झाला त्यालाही न्यायाधीशांनी अमुक वर्षांची कैद दिलेली असते, रोज रात्री थंड डाळ खाण्याची शिक्षा निकालपत्रात लिहिलेली नसते. ते लोक यावर गप्प होतात किंवा विषय बदलतात. मला वाद जिंकायचा नाही, वाटप बदलायचं आहे.

आता बदल कसा करता येईल ते लिहिते.

सहाची बंदी आठवर नेणं हा खरा उपाय आहे, पण रात्रपाळीचं मनुष्यबळ अपुरं आहे हे मी जाणते आणि त्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागेल हेही जाणते. तोवर बंदीची वेळ न हलवता जेवणाची वेळ हलवता येते. कशी? आज जेवण बराकीत जातं ते थाळीत. ते थाळीत जाऊ नये, झाकणबंद डब्यात जावं. पाच-साडेपाचला प्रत्येक बराकीत उष्णतारोधक जाड डबे ठेवावेत, भाताचा वेगळा, डाळीचा वेगळा, भाजीचा वेगळा. झाकणं बंद, वर खुणेची पट्टी. सहाला नेहमीप्रमाणे गिनती आणि बंदी. साडेसात वाजता, फेरीवरचा शिपाई गजांबाहेर उभा असताना, बराकीतल्या नेमलेल्या माणसांनी झाकण उघडून वाढावं. सकाळी बंदी उघडली की रिकामे डबे परत.

असे डबे बाजारात आहेत. लग्नाची जेवणं पुरवणारे, इस्पितळांत जेवण पोचवणारे, शाळांना खिचडी पोचवणारे सगळे ते वापरतात. अक्षयपात्रसारख्या संस्था एका स्वयंपाकघरातून कितीतरी शाळांना गरम जेवण बंद गाड्यांतून नेतात, रस्त्याला तास-दीड तास लागला तरी. कारागृहात तर अंतर काही शे पावलांचं आहे. अमेरिकेतल्या तुरुंगांत एकावर एक रचता येणारी उष्णतारोधक ताटं सर्रास वापरात आहेत. दाराला खिडकी, खिडकीतून बंद ताट. आपल्याकडे बराकीतल्या माणसांची संख्या बघता ताटापेक्षा डबा परवडेल आणि आपल्या जेवणालाही तोच सोयीचा. इंग्लंडमध्येही हे दुखणं आहे. तिथल्या तुरुंग निरीक्षकांनी 2016 मध्ये जेवणावर स्वतंत्र अहवाल काढला, त्यात संध्याकाळचं जेवण फार लवकर दिलं जातं आणि सकाळची न्याहारी आदल्या दिवशीच हातात ठेवली जाते, अशी नोंद आहे. श्रीमंत देशात पैसा होता, तरी घड्याळ हललं नाही म्हणून जेवण सुधारलं नाही. म्हणून मी डब्याआधी वेळेचं बोलते.

डब्याबद्दल चार गोष्टी मात्र नीट पाळाव्या लागतात, नाहीतर चांगला डबासुद्धा फुकट जातो. गार डब्यात कढत आमटी ओतली की पहिली उष्णता डबाच पिऊन टाकतो. आम्ही आधी डब्यात उकळतं पाणी भरून झाकण लावून ठेवतो, आमटीला शेवटची उकळी आली की पाणी ओतून देतो आणि लगेच आमटी भरतो. डबा काठोकाठ भरावा, अर्धा डबा लवकर निवतो. मधेच उघडून बघू नये. भात गोळा करून दाबून भरू नये, पण सैलही सोडू नये. फडफडीत भात तुलनेने लवकर निवतो, मऊ भात गरमी धरून ठेवतो. पाणीदार डाळीपेक्षा घट्ट डाळ जास्त वेळ कढत राहते. चपात्यांना बंद डब्यात घाम सुटतो आणि त्या चिकट होतात, त्यांना खाली-वर कोरडं सुती फडकं लागतं आणि फडकं रोज उकळून धुतलेलं लागतं. पालेभाजी अशा डब्यात काळी पडते, म्हणून पालेभाजी दुपारच्या जेवणाला ठेवावी आणि रात्री उसळ किंवा फळभाजी द्यावी. हे शिकवायला परदेशी तज्ज्ञ नको. कुठल्याही तालुक्यातल्या बचत गटातली बाई येऊन भिसीतल्या माणसांना एका दुपारी दाखवून जाईल.

आणि डबा अन्न गरम करत नाही, फक्त निवण्याला वेळ लावतो. भरताना अन्न कढत नसेल तर डब्यात ते जंतूंना हवं तसं ऊबदार राहील, म्हणजे उघड्या थाळीपेक्षा वाईट. यासाठी तापमापक हवा. टोकदार सळईचा, अन्नात खुपसायचा, स्वस्तातला. तो भिसीत राहील, कैद्याच्या हातात जायची गरज नाही. भरताना एकदा मोजावं आणि अधूनमधून, न सांगता, साडेसातला बराकीच्या दारात शिपायाने मोजावं. वहीत दोन आकडे लिहावेत. आज जेवणाची तपासणी होते ती भिसीत होते. अधिकारी येतात, चव घेतात, शेरा लिहितात. भिसीत जेवण गरमच असतं, महोदय. ते जिथे खाल्लं जातं तिथे जाऊन चव घेतली पाहिजे.

आपले अधिकारी यावर काय विचारतील याचा मी अंदाज केला आहे. डब्याच्या दुहेरी भिंतीत काही लपवून आणलं तर? डबे कारागृहाच्या बाहेर जातच नाहीत, भिसी ते बराक आणि परत, त्यांना क्रमांक असावेत, भिंती एकसंध साच्यातल्या असाव्यात, सांधा किंवा स्क्रू नको. काचेची आतली बाटली असलेला कुठलाही थर्मास अर्थातच नको. धातूचा पत्रा कापून हत्यार केलं तर? म्हणून जाड प्लास्टिकचे गोल कडांचे डबे, जे खानपान व्यवसायात रोज वापरले जातात.

सगळ्यांत अवघड शंका वेगळी आहे आणि ती खरी आहे. बंद बराकीत वाढप झालं तर दांडगा माणूस आपल्या थाळीत जास्त ओढून घेईल, नवखा, म्हातारा, आजारी उपाशी राहील. आमच्याकडच्या त्या मुलाला मी हे विचारलं. तो म्हणाला, होईल तसं, जिथे लक्ष नसेल तिथे नक्की होईल. म्हणून वाढप गजांजवळ, शिपायाच्या डोळ्यांसमोर हवं. डाव ठरलेल्या मापाचा हवा. वाढणारे दर आठवड्याला बदलायला हवेत, आणि कुणी वाढायचं हे जात बघून ठरता कामा नये. 3 ऑक्टोबर 2024 ला सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिनिहाय कामवाटपाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, त्यांत स्वयंपाकाचं कामही होतं. त्या निकालाने राज्यांना आपापल्या नियमावल्या दुरुस्त करायला सांगितलं आहे. नियमावली उघडलेलीच आहे तर जेवणाच्या वेळेचं कलमही त्याच वेळी बदलावं, अशी माझी विनंती आहे.

काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. वाटपाची गाडी रोज त्याच टोकापासून निघते म्हणून त्याच टोकाला गरम आणि दुसऱ्या टोकाला थंड पोचतं. एक दिवसाआड क्रम उलटा करावा. न्यायालयात तारखेला नेलेले कैदी पुष्कळदा बंदीनंतर परततात आणि त्यांचा वाटा थाळीत झाकून ठेवलेला असतो. दिवसभर गाडीत आणि कोर्टाच्या कोठडीत बसलेल्या माणसाला निदान रात्री कढत जेवण मिळावं, त्यांचा डबा दाराजवळ वेगळा भरून ठेवावा. दवाखान्यातले रुग्ण, मुलं असलेल्या बाया, गरोदर बाया यांचं जेवण शेवटी भिसीतून निघावं आणि थेट पोचावं. रोजे धरणाऱ्या कैद्यांसाठी दर वर्षी कारागृहं जेवणाच्या वेळा जुळवून घेतात. म्हणजे वेळ हलवता येते, ते आपल्या माणसांना जमतं.

सुरुवात कुठून करावी याबद्दलही सुचवते. आमचं जिल्ह्याचं रत्नागिरी विशेष कारागृह मुंबई-पुण्याच्या मानाने लहान आहे. अंदमानातून आणलेल्या सावरकरांना 1921 मध्ये तिथे ठेवलं होतं म्हणून शाळेच्या सहली ती कोठडी बघायला जातात. आमच्याकडून तिथे जायचं तर हेदवीवरून तवसाळला उतरायचं, फेरीबोटीने जयगडची खाडी ओलांडायची आणि गणपतीपुळ्यावरून पुढे. गुहागर तालुक्यातल्या ज्या घरांतलं कुणी आत असतं त्या घरांतल्या बाया मुलाखतीसाठी याच वाटेने जातात. सोबत डबा नेला तरी आत देता येत नाही, हे त्यांना ठाऊक असतं, तरी विचारतात. लहान कारागृहात बराकी थोड्या, भिसी जवळ, माणसांवर लक्ष ठेवता येतं. तिथे सहा महिने डब्यांचा प्रयोग करावा. वहीतले आकडे बघावेत. हंडीची किती प्रकरणं सापडली, उलट्या-जुलाबाच्या किती नोंदी दवाखान्यात झाल्या, किती अन्न फुकट गेलं, हे आधीच्या सहा महिन्यांशी ताडून बघावं. थंड जेवण टाकून दिलं जातं, गरम जेवण संपतं, हे मी खानावळीच्या अनुभवावरून खात्रीने सांगू शकते. सरकारचा तांदूळही वाचेल. प्रयोग फसला तर का फसला तेही जाहीर करावं. जमला तर मोठ्या कारागृहांत एकेक विभाग करत न्यावा.

डबे भरण्याचं, ते तापवून घेण्याचं, चपात्या चिकट न होऊ देता बांधण्याचं काम दाखवायला माझी जाऊ आणि मी यायला तयार आहोत. मानधन नको. आमच्याकडे काम केलेला तो मुलगा आता चिपळूणला एका हॉटेलात आहे, त्याला विचारलं तर तोही येतो म्हणाला, बाहेरच्या फाटकापर्यंत. आत यायला नको म्हणाला, आणि मी आग्रह केला नाही.

आपल्याकडून मला एवढंच कळवावं: संध्याकाळच्या वाटपाची आणि बंदीची प्रत्येक कारागृहातली वेळ आपण जाहीर कराल का, आणि साडेसातच्या जेवणाचा प्रयोग रत्नागिरीत कधी सुरू करता येईल. पावसाळ्यात घाट आणि फेरी दोन्ही बेभरवशाची असतात, तेव्हा दसऱ्यानंतरची कुठलीही तारीख आम्हाला चालेल.

आपली,
वेळणेश्वरची एक खानावळवाली